आधी चौकशी, मग कविता : गिल स्कॉट-हेरन यांची वाटचाल



 या स्मृतिव्याख्यानमालेतल्या आजच्या विषयासाठी मी एका अमेरिकन कवीची निवड केली आहे. त्यांचे नाव गिल स्कॉट-हेरन. १ एप्रिल १९४९ रोजी शिकागोत त्यांचा जन्म झाला आणि २७ मे २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये मृत्यू. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, कवितासंग्रह काढला, डझनभराहून अधिक अल्बम केले, कॉलेजात शिकवले, आंदोलनांच्या मंचावर उभे राहून गायले आणि शेवटच्या दशकात तुरुंगवासही भोगला. हिप-हॉप संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही त्यांना वगळता येत नाही. २०२१ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांचा मरणोत्तर गौरव केला, तो नंतरच्या संगीतावर ज्यांचा सुरुवातीचा प्रभाव पडला अशा कलावंतांच्या वर्गात.

माझे म्हणणे आधीच मांडून टाकतो. स्कॉट-हेरन यांचा आवाज, त्यांचा संताप आणि त्यांचा ठेका हिप-हॉपने उचलला. या सगळ्याच्या मुळाशी मात्र एक शिस्त होती. ज्यावर बोलायचे त्याची आधी चौकशी करायची, माणसांना भेटायचे, कागद वाचायचे, आकडे तपासायचे, आणि मगच कविता करायची. त्यांच्या कविता पन्नास वर्षांनंतरही टिकून आहेत त्या या शिस्तीमुळे, असे मी मानतो. तिच्या वाटेने मी आज त्यांची कारकीर्द सांगणार आहे. स्वतःच्या आयुष्यात त्यांची जी फरफट झाली, तीही सांगणार आहे.

आजीचे घर

त्यांची आई बॉबी स्कॉट गात असे. वडील गिल हेरन मूळचे जमैकाचे, पेशाने फुटबॉलपटू. १९५१ साली ते स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून खेळले. त्या क्लबचे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. आईवडील वेगळे झाले आणि लहानग्या गिलची रवानगी आजोळी झाली, टेनेसी राज्यातल्या जॅक्सन गावी, आजी लिली स्कॉट यांच्याकडे.

आजीने नातवाला दोन गोष्टी दिल्या. एक जुना पियानो, शेजारच्या अंत्यविधी करणाऱ्या दुकानातून काही डॉलरांत घेतलेला, चर्चमधली भजने वाजवता यावीत म्हणून. दुसरी गोष्ट म्हणजे वाचनाची सवय. 'शिकागो डिफेंडर' हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र घरी येत असे आणि त्यात लँग्स्टन ह्यूज यांचे सदर असे. ह्यूज हे थोर कवी, पण या सदरात त्यांनी हार्लेममधला एक साधा कष्टकरी माणूस उभा केला होता. घरभाडे, मालक, पोलीस, मतदान या सगळ्यावर तो माणूस आपल्या रोजच्या बोलीत मते मांडत असे. देशातला सगळ्यात कठीण प्रश्न रस्त्यावरच्या भाषेत, हसत-हसत आणि अक्कल गहाण न टाकता मांडता येतो, हे स्कॉट-हेरन यांनी तिथे शिकून घेतले. पुढे त्यांनी जे काही केले त्याचे बी या सदरात आहे.

आजी १९६० साली गेली. १९६२ च्या जानेवारीत जॅक्सनमधल्या टिग्रेट या गोऱ्यांच्या शाळेत तीन कृष्णवर्णीय मुलांनी प्रवेश केला, त्यांतले एक गिल होते. वर्तमानपत्रात येणारा वंशभेद त्यांनी असा वर्गातल्या बाकावर बसून पाहिला. त्यानंतर आईबरोबर ते न्यूयॉर्कला आले, आधी ब्राँक्समध्ये राहिले. तिथल्या शाळेतल्या एका शिक्षिकेने त्यांचे लेखन हेरले आणि त्यांना फील्डस्टन या श्रीमंतांच्या खासगी शाळेत शिष्यवृत्ती मिळाली.

कॉलेज निवडताना त्यांच्यापुढे एकच निकष होता. लँग्स्टन ह्यूज पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठात शिकले होते, म्हणून तेही तिथेच गेले. तिथे त्यांना ब्रायन जॅक्सन हा पियानोवादक मित्र भेटला आणि पुढची दहा वर्षे या जोडीने एकत्र काम केले. विद्यापीठातला एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. एक सहविद्यार्थी दम्याचा झटका येऊन वेळेवर उपचार न मिळाल्याने गेला. स्कॉट-हेरन यांनी वर्ग बंद पाडले. मागण्या घोषणांसारख्या मोघम नव्हत्या. दवाखाना चोवीस तास उघडा हवा, रुग्णवाहिका हवी, अशी नेमकी यादी होती, आणि प्रशासनाला ती मान्य करावी लागली. पुढे त्यांच्या कवितेत जो नेमकेपणा दिसतो, तो इथे विद्यार्थी-आंदोलनात दिसतो.

कोंगाच्या साथीने

बोलून सादर होणारी कविता स्कॉट-हेरन यांनी शोधून काढली नाही. अमिरी बराका यांनी १९६५ साली हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची नाट्यशाळा सुरू केली आणि कविता रस्त्यावर, चौकात, फळकुटांच्या मंचावर आली. १९ मे १९६८ रोजी, कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या जन्मदिनी, हार्लेममधल्या एका बागेत 'द लास्ट पोएट्स' हा कवींचा गट जन्माला आला. हे कवी ढोलांच्या तालावर कविता म्हणत, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. १९६९ च्या सुमारास हा गट लिंकन विद्यापीठात आला. कार्यक्रम संपल्यावर स्कॉट-हेरन त्यांच्यापाशी गेले आणि आपणही असा गट काढू का, असे त्यांनी विचारले.

गट काढण्याआधी ते एकटेच पुढे गेले. अभ्यास मध्येच थांबवून त्यांनी 'द व्हल्चर' ही कादंबरी पुरी केली. १९७० साली ती कादंबरी आणि 'स्मॉल टॉक ॲट १२५थ अँड लेनॉक्स' हा कवितासंग्रह अशी दोन पुस्तके प्रकाशित झाली. तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. जॅझवादक जॉन कोल्ट्रेन यांचे निर्माते राहिलेले बॉब थील यांनी त्याच संग्रहाच्या नावाने त्यांचा पहिला अल्बम काढला. थोड्या श्रोत्यांसमोर, कोंगा वाजवणाऱ्या साथीदारांसह कविता म्हटल्या गेल्या आणि त्या तशाच ध्वनिमुद्रित झाल्या.

या अल्बममधली 'व्हायटी ऑन द मून' ही कविता घ्या. त्याआधीच्या वर्षी, जुलै १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरला होता आणि सारे जग टाळ्या वाजवत होते. कवीने त्या क्षणी एका गरीब घरातला जमाखर्च मांडला. बहिणीला उंदीर चावला आहे, डॉक्टरचे बिल थकले आहे, घरमालक भाडे वाढवतो आहे, पगारातून कापला जाणारा कर वाढतो आहे, आणि देशाचा पैसा चंद्रावर चालला आहे. कवितेत चंद्राविषयी एकही अलंकारिक शब्द नाही. खर्चाच्या नोंदी एकाखाली एक येतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात बेरीज आपोआप होते. ही बेरीज कवी स्वतः करून दाखवत नाही, कारण श्रोत्याच्या बुद्धीवर त्याचा विश्वास आहे.

त्याच अल्बमात 'द रेव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड' ही त्यांची सर्वांत गाजलेली रचना पहिल्यांदा आली. १९७१ च्या 'पीसेस ऑफ अ मॅन' या अल्बमसाठी त्यांनी ती पुन्हा केली. दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत असे मी तरुणांना सांगत असतो. पहिल्यात फक्त आवाज आणि कोंगा. लय बोलण्याची आहे, कवी श्वास घेईल तिथे ओळ मोडते. दुसऱ्यात रॉन कार्टर यांचा बास, बर्नार्ड पर्डी यांचे ड्रम्स आणि ह्यूबर्ट लॉज यांची बासरी आहे. बासची एक छोटी आकृती पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि तिच्यावर शब्द घट्ट बसतात. बोलकी कविता रॅपच्या उंबरठ्यावर कशी आली, हे या दोन ध्वनिमुद्रणांत कानांनी मोजता येते. मजा अशी की कंपनीने ती रचना एका दुसऱ्या गाण्याच्या तबकडीमागे, म्हणजे मागल्या बाजूला टाकली होती. २००५ सालच्या यादीत अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत तिचा समावेश केला.

या रचनेचे शीर्षक आज टी-शर्टांवर छापले जाते, जाहिरातदारांनीही ते उचलले. मूळ रचना ऐकली तर कळते की ती दूरचित्रवाणीच्या जाहिराती, मालिका, नट आणि राजकारणी यांची लांबलचक यादी आहे. दूरचित्रवाणी माणसाला खुर्चीत कशी बसवून ठेवते, याचा अभ्यास करून ती लिहिली आहे. बदल आधी माणसाच्या मनात घडतो आणि मनातले चित्रण कोणत्याही कॅमेऱ्याला करता येत नाही, असा तिचा अर्थ त्यांनी पुढे मुलाखतीत उलगडून सांगितला. जाहिरात विकणाऱ्या यंत्रणेविरुद्ध लिहिलेली कविता जाहिरातीतच विकली गेली, हे त्या कवितेने आधीच ओळखलेले दुखणे आहे.

दुकानासमोरची रांग, अणुभट्टी आणि जोहान्सबर्ग

१९७२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना सर्जनशील लेखनाची एम.ए. पदवी दिली, पहिली पदवी पुरी झालेली नसतानाही. त्यानंतर ते वॉशिंग्टनमध्ये फेडरल सिटी कॉलेजात शिकवू लागले. शिक्षकाची नोकरी आणि मंचावरचे गाणे या दोन्ही कामांत त्यांना फरक वाटत नसावा, असे त्या काळातल्या रचना ऐकताना जाणवते.

१९७४ साली स्ट्रेटा-ईस्ट या कलावंतांनीच चालवलेल्या छोट्या कंपनीतर्फे 'विंटर इन अमेरिका' हा अल्बम आला. त्यातले 'द बॉटल' हे गाणे नृत्यगृहांत तुफान चालले. ज्या गाण्यावर लोक नाचले, ते दारूच्या व्यसनाविषयी आहे. वॉशिंग्टनजवळ राहत असताना एका दारूच्या दुकानासमोर रोज सकाळी रिकाम्या बाटल्या घेऊन उभी राहणारी माणसे त्यांना दिसत. त्यांनी नुसते पाहिले नाही. ते त्या माणसांशी बोलले. त्यांच्यातला एक जण पूर्वी डॉक्टर होता, एक जण लष्करात विमानांच्या उड्डाणांचे नियंत्रण करत होता. व्यसनी म्हणून कोणी जन्माला येत नाही, प्रत्येकाच्या मागे एक दिवस असतो जेव्हा त्याचा तोल गेला, हे या चौकशीतून त्यांच्या हाती लागले. म्हणून गाण्यात उपदेश नाही. ब्रायन जॅक्सन यांची बासरी आणि नाचायला लावणारा ठेका ऐकणाऱ्याला आत ओढतो, आणि तो आत आला की माणसांच्या कहाण्या त्याच्यापुढे येतात.

क्लाइव्ह डेव्हिस यांनी १९७४ मध्ये अरिस्टा ही नवी कंपनी काढली आणि पहिल्या करारबद्ध कलावंतांत स्कॉट-हेरन यांना घेतले. मोठी कंपनी पाठीशी आली की कवी सौम्य होतो, असा अनुभव आहे. स्कॉट-हेरन यांनी मात्र १९७५ साली 'जोहान्सबर्ग' हे गाणे केले. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीविषयी तेव्हा सामान्य अमेरिकन श्रोता फारसे बोलत नव्हता. सोवेटोतल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तो १६ जून १९७६ रोजी, म्हणजे गाण्यानंतर. जगभरच्या मथळ्यांच्या आधी बातमी या गाण्यात आली होती. रेडिओवर नाचगाण्यांच्या शेजारी ते वाजले आणि १९७५ च्या डिसेंबरात 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात त्यांनी ते सादर केले.

दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, 'वुई ऑलमोस्ट लॉस्ट डेट्रॉइट' आले. मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या दक्षिणेला असलेल्या फर्मी अणुभट्टीत ऑक्टोबर १९६६ मध्ये इंधनाचा काही भाग वितळला होता. जॉन फुलर यांनी १९७५ साली या अपघातावर पुस्तक लिहिले होते. स्कॉट-हेरन यांनी ते वाचले आणि पुस्तकाचेच नाव गाण्याला दिले. गाण्याची चाल संथ आणि जवळजवळ प्रेमगीताची आहे. लाखोंच्या शहरापासून काही मैलांवर काय घडून गेले, हे त्या शहराला माहीतच नव्हते, एवढीच गोष्ट ते सांगते. मार्च १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला आणि त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अणुऊर्जाविरोधी मैफली झाल्या, तेव्हा त्या मंचावर हे गाणे आधीपासूनच तयार होते.

'द बॉटल', 'जोहान्सबर्ग' आणि 'डेट्रॉइट' या तिन्ही रचनांत कवीने स्वतःच्या भावनेपासून सुरुवात केलेली नाही. एकात भेटलेली माणसे आहेत, दुसऱ्यात परदेशातली बातमी आहे, तिसऱ्यात वाचलेले पुस्तक आहे. भावना मागून येते आणि म्हणूनच ती खरी वाटते. ते स्वतःला ब्लूजचा शास्त्रीय अभ्यासक म्हणवून घेत, ते या अर्थाने मला पटते.

मंचावरचे निरूपण

त्यांच्या कार्यक्रमात गाण्याइतकेच बोलणे असे. बातम्यांवर टिपणी, सरकारी भाषेची उलटतपासणी, एखादा किस्सा, मग अलगद ठेका सुरू व्हायचा आणि बोलण्याचे गाणे व्हायचे. आपल्या कीर्तनात निरूपण अभंगाला वाट करून देते, तसेच हे होते. श्रोत्याला गाणे कळावे इतकी माहिती आधी त्याच्या हाती द्यायची, ही त्यांची पद्धत होती.

१९८१ सालची 'बी मूव्ही' ही या पद्धतीची सर्वांत भक्कम रचना. रोनाल्ड रेगन अध्यक्ष झाल्यावर जनतेने प्रचंड कौल दिला, असे सगळीकडे सांगितले जात होते. कवीने गणित मांडले. निम्म्याच्या आसपास लोकांनी मतदानच केलेले नाही आणि उरलेल्यांतले निम्म्याहून थोडे अधिक रेगन यांच्या बाजूचे, म्हणजे एकूण मतदारांच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास लोकांचा हा कौल. तिथून पुढे सुमारे बारा मिनिटे ते अमेरिकेला जुन्या सिनेमांतल्या नायकाची भूल का पडली, हे उलगडत जातात. टक्केवारीपासून सुरू होणारी कविता श्रोत्यांना तोंडपाठ होते, याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

त्याच काळात स्टीव्ही वंडर यांच्या दौऱ्यात ते सामील झाले. त्या दौऱ्यात बॉब मार्ली यायचे होते. मार्ली आजारी पडल्याने त्यांची जागा स्कॉट-हेरन यांनी घेतली. दौऱ्याचा हेतू एकच होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीला राष्ट्रीय सुट्टी मिळावी. १५ जानेवारी १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी मोठी सभा झाली. १९८३ मध्ये कायदा झाला आणि त्यावर सही केली ती रेगन यांनी. स्कॉट-हेरन यांच्या मृत्यूनंतर, २०१२ साली, त्यांच्या आठवणींचे 'द लास्ट हॉलिडे' हे पुस्तक आले, त्याचा मोठा भाग या दौऱ्याविषयी आहे. आयुष्यभर लिहिलेल्या माणसाला आपल्या आठवणींच्या केंद्रस्थानी स्वतःचे यश न ठेवता दुसऱ्याच्या मोहिमेतले आपले काम ठेवावेसे वाटले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

हिप-हॉपचे देणे-घेणे

११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या सेजविक ॲव्हेन्यूवर डीजे कूल हर्क यांनी एका इमारतीत पार्टी केली. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून तो मानला जातो. तबकडीवरचा तालाचा तुकडा लांबवत ठेवायचा आणि त्यावर माईक हातात घेऊन बोलायचे, ही रीत तिथून फोफावली. १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' हे गाणे देशभर पोहोचले आणि १९८२ च्या 'द मेसेज' या गाण्याने गरीब वस्तीतले जगणे रॅपमध्ये आणले. त्या क्षणी सगळ्यांना आठवण झाली, की हे काम एक माणूस दहा-बारा वर्षांपासून करतो आहे. त्यांना रॅपचे पितामह म्हटले जाऊ लागले. ही पदवी त्यांना आवडत नसे. आपण ब्लूज आणि जॅझच्या घरातले आहोत आणि आपल्याआधी लास्ट पोएट्स होते, याची त्यांना जाणीव होती.

फरकही समजून घ्यायला हवा. रॅपरचे यमक बीटवर पडते, बीट चुकली तर रॅप कोसळतो. बोलक्या कवितेची लय वाक्याची असते, वाद्य थांबले तरी ती चालू राहते. हे दोन प्रवाह एकत्र आले ते सॅम्पलमुळे. जुन्या तबकडीतला एखादा तुकडा यंत्रात साठवून त्याच्यावर नवे गाणे बांधता येऊ लागले आणि स्कॉट-हेरन यांच्या तबकड्या निर्मात्यांच्या हाती लागल्या. कॉमन या नावाच्या रॅपरने २००७ साली 'द पीपल'मध्ये 'डेट्रॉइट'चा तुकडा घेतला. रॅपर कान्ये वेस्ट यांनी २००५ मध्ये 'होम इज व्हेअर द हेट्रेड इज'मधला तुकडा घेतला, आणि २०१० मध्ये तर आपल्या अल्बमचा शेवटच स्कॉट-हेरन यांच्या १९७० सालच्या कवितेवर केला. चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज आजचाच वाटावा, इतका तो तिथे चपखल बसतो.

स्कॉट-हेरन यांचे स्वतःचे म्हणणे १९९४ मध्ये आले. 'स्पिरिट्स' या अल्बममधल्या 'मेसेज टू द मेसेंजर्स' या रचनेत त्यांनी तरुण रॅपरांना थेट उद्देशून सांगितले. त्यात वडीलधाऱ्याचा तुच्छतेचा सूर नाही. तुमच्याकडे आता ऐकणारी गर्दी आहे, तेव्हा जे बोलाल ते जाणून बोला, बायकांविषयी आदराने बोला, बंदुकीच्या फुशारक्यांनी फसू नका, असा त्याचा आशय आहे. त्या वर्षांत रॅपचा बाजार प्रचंड वाढत होता आणि कंपन्यांना जबाबदारीपेक्षा फुशारकी विकायला सोपी होती. ही कविता फार विकली गेली नाही. पण या संपूर्ण संगीतप्रकारावर आतल्या माणसाने केलेली याहून रास्त टीका मला दुसरी माहीत नाही.

पुढे बोलक्या कवितेला हिप-हॉपमध्ये स्वतंत्र मान मिळाला. शिकागोचे कवी जे. आयव्ही २००४ साली कान्ये वेस्ट यांच्या पहिल्या अल्बमात कवी म्हणूनच आले, रॅपर म्हणून नव्हे. २०२३ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांत बोलक्या कवितेच्या अल्बमसाठी पहिल्यांदा स्वतंत्र पुरस्कार दिला गेला आणि तो त्यांनाच मिळाला. ही वाट ज्यांनी रुळवली त्यांत स्कॉट-हेरन यांचे नाव अग्रभागी आहे.

फरफट

आता दुःखाचा भाग. 'होम इज व्हेअर द हेट्रेड इज' हे व्यसनी माणसाच्या तोंडून येणारे गाणे त्यांनी १९७१ साली लिहिले. १९७८ मध्ये 'एंजल डस्ट'मधून अमली पदार्थाविरुद्ध तरुणांना सावध केले. १९८० च्या सुमारास ब्रायन जॅक्सन आणि ते वेगळे झाले, १९८५ मध्ये अरिस्टाने करार संपवला आणि मोठ्या काळासाठी त्यांचे ध्वनिमुद्रण थांबले. कोकेनने त्यांना धरले. २००१ साली आणि पुन्हा २००६ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. २००८ मध्ये आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

काही जण म्हणतात, ज्याने इतरांना सावध केले तो स्वतः पडला, म्हणजे त्याचे शब्द पोकळ होते. मला हे मान्य नाही. ज्ञानाने माणूस व्यसनापासून वाचतोच असे असते, तर त्या दुकानासमोरच्या रांगेत डॉक्टर उभा राहिला नसता. ही गोष्ट स्कॉट-हेरन यांनीच आपल्याला १९७४ साली सांगितली होती. त्यांच्या पतनाने त्यांची कविता खोटी ठरत नाही. उलट व्यसनाकडे गुन्हा म्हणून पाहणाऱ्या आणि आजाऱ्याला रुग्णालयाऐवजी कोठडीत पाठवणाऱ्या व्यवस्थेविषयी त्यांनी जे म्हटले होते, ते त्यांच्या अंगावर खरे ठरले.

२००६ मध्ये रायकर्स आयलंडच्या तुरुंगात त्यांना भेटायला इंग्लंडहून रिचर्ड रसेल आले. एक्सएल या ध्वनिमुद्रण कंपनीचे ते प्रमुख. त्या भेटीतून २०१० मध्ये 'आय'म न्यू हिअर' आला, सोळा वर्षांनंतरचा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. अर्ध्या तासाहूनही लहान. आवाज घोगरा झालेला, शब्द मोजके. तो सुरू होतो आजीवरच्या कवितेने. मोडक्या घरातली मुले म्हणून ज्यांची कीव केली जाते, त्यांना वाढवणाऱ्या बायकांचे घर मोडके नव्हतेच, असे ती ठामपणे मांडते. या कवितेखाली वाजणारा तुकडा कान्ये वेस्ट यांच्या गाण्यातला आहे. ज्या तरुणांनी त्यांच्या तबकड्यांतून सॅम्पल घेतले, त्यांच्यातल्याच एकाचे सॅम्पल घेऊन या कवीने आपल्या आजीला वंदन केले. पुढच्याच वर्षी ते गेले. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधल्या स्मरणसभेत कान्ये वेस्ट यांनी गायले. २०१२ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

आपल्यापुरते

या कवीचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहून. त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' आला. तेव्हा स्कॉट-हेरन यांचे 'पीसेस ऑफ अ मॅन' ताजे होते. दोन्हीकडचे कवी विशीतले होते आणि ज्या वस्तीचे नाव साहित्यात घेतले जात नव्हते, तिची खडान्‌खडा माहिती घेऊन बोलत होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक यांनी त्याच्याही आधी लोकांसमोर उभे राहून बोलणारी, गाणारी कविता आपल्याला दिलेली होती. आज मुंबईतली 'स्वदेशी' या गटाची मंडळी मराठीत आणि इतर भाषांत रॅप करतात. आरेच्या जंगलासाठी त्यांनी तिथल्या आदिवासी कलावंताला, प्रकाश भोईर यांना, बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केले. ज्याचे जंगल त्याचाच आवाज गाण्यात आणणे, ही तीच शिस्त आहे.

अशी मुले आज गावोगावी आहेत. मोबाइलवर बीट लावून ती पाणी, बेकारी, जात, पोलीस भरती, कापसाचा भाव यांवर बोलत आहेत. त्यांच्या यमकांची वाहवा करणारे पुष्कळ भेटतात. माझी आपल्याला विनंती आहे, की त्यांना ऐकून झाल्यावर एक प्रश्न विचारा : हे तुला कुठून कळले? ज्याला सांगता येईल, त्याला आपल्या व्याख्यानमालांत, ग्रंथालयांत, साहित्य संमेलनांत बोलवा, योग्य मानधन द्या आणि तो अडचणीत आला तर त्याच्या पाठीशी उभे राहा. ज्याला सांगता येणार नाही, त्याला वर्तमानपत्र वाचायला द्या, माणसांना भेटायला पाठवा आणि पुन्हा बोलवा. गिल स्कॉट-हेरन यांना मानायचे असेल, तर एवढे काम आपण आजपासून सुरू केले पाहिजे.